घरी रंगविलेल्या ट्रॅक्टरवरील रंगाचे दोष आणि त्यांची दुरुस्ती

खंडेनवमी जवळ येऊ लागली की गावोगावी ट्रॅक्टर, ट्रॉली आणि जीपगाड्या धुवून त्यांना नवा रंग देण्याची लगबग सुरू होते. पाठोपाठ ऊस वाहतुकीचा हंगाम येत असल्याने डागडुजीसाठी हाच काळ सोयीचा वाटतो. गॅरेजमध्ये पूर्ण ट्रॅक्टर रंगवून घ्यावयाचा तर खर्च बराच येतो व ट्रॅक्टरही काही दिवस अडकून पडतो. म्हणून कॉम्प्रेसर आणि स्प्रे गन भाड्याने आणून हे काम घरच्या अंगणातच उरकणारे शेतकरी पुष्कळ आहेत. काम शिकण्याजोगे आहे व थोड्या सरावाने चांगले जमते.

अडचण येते ती दुसऱ्या दिवशी सकाळी. उन्हात पाहिले म्हणजे बॉनेटच्या बाजूला ओघळ दिसतात, मडगार्डवर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा असतो, कोठे बारीक खळगे पडलेले असतात, तर कोठे चमक जाऊन पांढरट झाक आलेली असते. अशा वेळी बहुतेक जण एकच उपाय करतात. त्यावरच रंगाचा आणखी एक हात मारून मोकळे होतात. हा उपाय जवळजवळ नेहमीच अंगाशी येतो. दोष झाकला तर जात नाहीच, उलट खालच्या अर्धवट वाळलेल्या थरातील थिनर कोंडून नवे फोड व सुरकुत्या उठतात. रंग वाया जातो आणि पुढे तोच जाड थर खरवडून काढण्याचे दुप्पट काम मागे लागते. म्हणून दोष दिसल्यावर आधी हात थांबवावा, दोष कोणता ते ओळखावे आणि मगच कागद किंवा गन हाती घ्यावी.

दोष वरचा की खालचा?

रंगातील दोषांचे कामापुरते दोनच गट समजावेत. पहिला गट वरच्या थरातील दोषांचा. ओघळ, संत्र्याची साल, चिकटलेली धूळ व चिलटे, पांढरट झाक हे दोष वरच्या थरात असतात. पत्रा शाबूत असतो, अस्तर शाबूत असते, फक्त शेवटच्या हाताचा पृष्ठभाग बिघडलेला असतो. हे दोष घासून व पॉलिश करून, किंवा फार तर एक पातळ हात देऊन, दुरुस्त होतात.

दुसऱ्या गटातील दोष खालून येतात. पत्र्यावर राहिलेले तेल, गंज, खताचे क्षार, ओलावा किंवा न वाळलेली लांबी ही त्यांची मुळे. फोड, पापुद्रे, सुरकुत्या आणि खोल खळगे या रूपाने ते वर दिसतात. यांना वरून कितीही पॉलिश केले तरी उपयोग नाही. तेवढा भाग मुळापर्यंत काढावाच लागतो. झाकलेला गंज पत्रा आतून खात राहतो आणि ट्रॉलीचा तळपत्रा बदलण्याची पाळी येते. रंगाच्या डब्यापेक्षा तो खर्च कितीतरी मोठा असतो.

ओळखण्याची साधी खूण अशी. दोषावर नख किंवा बोथट सुरीचे टोक हलके दाबून पाहावे. रंग टणक लागला व सुटला नाही तर दोष वरचा. रंग पोकळ लागला, पापुद्रा सुटला किंवा खाली तांबूस भुकटी दिसली तर दोष खालचा समजावा.

रंग कोणता आणि तो किती वाळला?

दुरुस्ती केव्हा करावी हे रंगाच्या जातीवर अवलंबून आहे आणि येथेच सर्वांत जास्त गोंधळ होतो. ट्रॅक्टर व अवजारांसाठी आपल्याकडे बहुधा सिंथेटिक इनॅमल वापरले जाते. हा रंग दोन टप्प्यांत वाळतो. प्रथम थिनर उडून जातो व काही तासांत रंग हाताला लागेनासा होतो. त्यानंतर हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन तो हळूहळू कडक होतो आणि या क्रियेस कित्येक दिवस लागतात. वरून कोरडा दिसणारा थर आत मऊच असतो. अशा थरावर कागद चालविला की रंग घासला न जाता त्याच्या गोळ्या होतात व कागद भरून जातो. म्हणून इनॅमलवर घासण्याचे काम करण्यापूर्वी किमान एक आठवडा थांबावे. थंडीत किंवा दमट हवेत त्याहून जास्त थांबावे लागते. आडोशाच्या जागी नख दाबून पाहावे. वण उमटत असेल तर रंग अजून तयार नाही.

दुसरा प्रकार एन. सी. रंगाचा, ज्याला जुने पेंटर ड्यूको म्हणतात. हा केवळ थिनर उडून वाळतो, त्यामुळे लवकर कडक होतो. एक दिवस पुरता गेल्यावर त्यावर घासकाम व पॉलिश करता येते. तिसरा प्रकार हार्डनर मिसळून वापरावयाच्या पी. यू. रंगाचा. अलीकडील मोटारींना हाच देतात. त्याबद्दल पुढे वेगळे लिहिले आहे, कारण तो घरी फवारण्याजोगा नाही.

जुन्या गाडीवर कोणता रंग आहे हे माहीत नसेल तर पांढऱ्या फडक्यावर थोडे एन. सी. थिनर घेऊन न दिसणाऱ्या जागी घासावे. रंग विरघळून फडक्याला सहज लागला तर तो एन. सी. रंग. रंग फुगून सुरकुतला तर बहुधा इनॅमल. काहीच झाले नाही तर हार्डनरचा किंवा कारखान्यात भट्टीत भाजलेला रंग. ही दोन मिनिटांची परीक्षा रंगकामास सुरुवात करण्यापूर्वीच केली तर पुढचे बरेच दोष टळतात.

ओघळ

उभ्या पत्र्यावर रंग जास्त बसला की तो खाली घसरतो. गन फार जवळ धरणे, हात सावकाश फिरविणे, थिनर जास्त घालणे आणि दोन हातांमध्ये पुरेसा वेळ न देणे ही त्याची कारणे. गन पत्र्यापासून साधारण एक वीत, म्हणजे २० ते २५ सेंटिमीटर अंतरावर, पत्र्याला काटकोनात धरावी आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवावा. मनगट न वळवता पूर्ण हात फिरवावा. मनगट वळले की मध्ये रंग जाड आणि कडेला पातळ बसतो.

ओघळ ओला असतानाच दिसला तर काय करावे? बोटाने किंवा फडक्याने पुसू नये. पत्र्याच्या अगदी खालच्या कडेला थेंब लोंबत असेल तर बारीक ब्रशच्या टोकाने तो अलगद टिपून घ्यावा. इतरत्र ओघळ तसाच राहू द्यावा. ओला ओघळ पुसला तर चार बोटांच्या दोषाचा हातभर दोष होतो.

ओघळ इतर भागापेक्षा जाड असल्याने सर्वांत शेवटी वाळतो. तो पुरता कडक झाल्यावर कामास लागावे. गुळगुळीत लाकडी ठोकळ्यावर किंवा कडक रबरी तुकड्यावर ६०० नंबरचा वॉटर पेपर गुंडाळावा. कागद आधी अर्धा तास पाण्यात भिजत ठेवावा व पाण्यात साबणाचे थोडे पाणी मिसळावे, म्हणजे कागद भरत नाही. नुसत्या बोटांनी घासू नये. बोटे ओघळाच्या दोन्ही बाजूंना उतरतात आणि ओघळ राहतो बाजूला, शेजारचा चांगला रंग मात्र निघून जातो. ओघळाभोवती चिकटपट्टी लावून घेतली तर शेजारचा भाग वाचतो. ओघळ बहुतांशी उतरला की पट्टी काढावी आणि १००० नंबर, मग १५०० नंबर असे कागद बदलत जावे. मधूनमधून रबरी पट्टीने पाणी निपटून पाहावे. ओल्या पत्र्यावर सगळेच गुळगुळीत दिसते, खरी स्थिती कोरड्यावर कळते.

किती घासावे याचा अंदाज असावा. रंगाच्या एका हाताचा वाळलेला थर साधारणतः २५ ते ३० मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे माणसाच्या केसाच्या निम्म्याहून कमी. चार फेऱ्या जास्त झाल्या की खालचे अस्तर डोकावू लागते. बॉनेटच्या कडा आणि पत्र्याच्या घड्या येथे रंग मुळातच पातळ बसलेला असतो, तेथे कागद लावूच नये. अस्तर दिसले तर पॉलिशने भागणार नाही. तो संपूर्ण भाग, म्हणजे पूर्ण मडगार्ड किंवा बॉनेटची पूर्ण बाजू, ४०० ते ६०० नंबरने मंद करून पुन्हा एक हात द्यावा लागेल.

संत्र्याची साल आणि चिकटलेला कचरा

रंगाचे थेंब पत्र्यावर पडून एकमेकांत मिसळण्यापूर्वीच वाळले तर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. रंग घट्ट असणे, हवेचा दाब कमी पडणे, गन दूर धरणे किंवा पत्रा तापलेला असणे यांमुळे हे घडते. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारी उन्हात उभ्या केलेल्या ट्रॅक्टरच्या बॉनेटला हात लावता येत नाही. अशा पत्र्यावर थिनर क्षणात उडते. तळहात पत्र्यावर आरामात ठेवता आला तरच रंग मारावा. रंगाची घट्टता मोजण्यासाठी तळाला छिद्र असलेला ठराविक मापाचा कप मिळतो. चार नंबरच्या फोर्ड कपातून रंग साधारण २० ते २५ सेकंदांत गळून जावा. साध्या गनसाठी हवेचा दाब ४० ते ५० पौंडांच्या दरम्यान ठेवतात.

दुरुस्तीची पद्धत ओघळासारखीच, फक्त सुरुवात बारीक कागदाने करावयाची. १००० किंवा १२०० नंबरने पृष्ठभाग सपाट करावा, मग १५०० व मिळाल्यास २००० नंबर फिरवावा. सर्व भाग एकसारखा मंद दिसला पाहिजे. मधे चकाकणारे ठिपके म्हणजे अजून राहिलेले खळगे होत. त्यानंतर सुती फडक्यावर रबिंग कंपाउंड घेऊन सावलीत, एका वेळी फूटभर जागा, सरळ रेषेत घासावी. कंपाउंड पत्र्यावर वाळू देऊ नये.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. कंपाउंडने एन. सी. आणि पी. यू. रंग आरशासारखे उजळतात, तसे सिंथेटिक इनॅमल उजळत नाही. त्याची मूळची चमक ही न घासलेल्या पृष्ठभागाची असते. म्हणून ट्रॅक्टरवर एखाद-दुसरा डाग असेल तर घासून पॉलिश करावे. पूर्ण मडगार्ड खडबडीत झाले असेल तर कंपाउंडवर श्रम घालविण्यापेक्षा ६०० नंबरने सपाट करून, थिनरचे प्रमाण सुधारून, एक पातळ हात देणे शहाणपणाचे. शेतात चिखलातून जाणाऱ्या ट्रॅक्टरला मोटारीच्या शोरूमची चमक हवीच असाही आग्रह धरू नये. थर अखंड आहे की नाही याला महत्त्व आहे.

धूळ, भुसा व चिलटे यांचे दाणे १५०० नंबरच्या छोट्या तुकड्याने एकेक करून उतरवावेत. अंगण आदल्या दिवशी झाडून, कामापूर्वी पाणी शिंपडून घ्यावे. मळणी चालू असलेल्या खळ्याशेजारी रंगकाम काढू नये. दिवे लागण्याच्या वेळी रंग ओला राहिला तर चिलटे हमखास बसतात.

पांढरट झाक

एन. सी. रंगावर दमट हवेत दुधाळ झाक येते. थिनर वेगाने उडताना पत्रा थंड होतो व हवेतील बाष्प त्यावर जमते. माठातले पाणी गार होते त्यातलाच हा प्रकार. कोकणात आणि सर्वत्रच पावसाळ्यात हा दोष जास्त दिसतो. झाक हलकी असेल तर कोरड्या उन्हाच्या दिवशी, मंद गतीने उडणारे रिटार्डर थिनर मिसळून त्याचा अगदी हलका फवारा द्यावा. वरचा थर किंचित मऊ होतो, अडकलेला ओलावा निघून जातो आणि झाक नाहीशी होते. तरीही राहिल्यास कडक झाल्यावर कंपाउंडने काढावी.

इनॅमलची चमक जाण्याचे कारण वेगळे असते. दसऱ्याच्या सुमारास व थंडीत रात्री आभाळ निरभ्र असले की उघड्यावरचा पत्रा हवेपेक्षा जास्त थंड होतो व त्यावर दव पडते. सायंकाळी मारलेल्या ओल्या रंगावर दव पडले की सकाळी तो राख फासल्यासारखा दिसतो. यासाठी रंगकाम सकाळी दव उडून गेल्यावर सुरू करावे, दुपारी तीन-साडेतीनला थांबवावे आणि रात्री ट्रॅक्टर छपराखाली घ्यावा.

बारीक गोल खळगे

रंग मारताच तो जागोजागी मागे सरकून माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे पडतात. याचे कारण तेल. हायड्रॉलिकचे तेल, ग्रीस, सिलिकॉनयुक्त पॉलिश, किंवा कॉम्प्रेसरमधून हवेबरोबर आलेले तेल यांपैकी काहीही असू शकते. ट्रॅक्टर चकाकावा म्हणून डिझेलच्या फडक्याने पुसण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. या डिझेलचा तेलकट थर रंगाला धरू देत नाही. रॉकेलने धुतलेल्या पत्र्याचेही तेच. म्हणून रंगापूर्वी पत्रा धुण्याच्या सोड्याने किंवा साबणाच्या गरम पाण्याने धुवून, वाळवून, शेवटी स्वच्छ फडक्यावर थिनर घेऊन पुसावा. पुसताना दोन फडकी वापरावीत. एकाने ओले करावे व थिनर उडण्यापूर्वी दुसऱ्या कोरड्याने टिपावे. एकच फडके फिरवत राहिल्यास तेल फक्त पसरते.

खळगे पडल्यावर त्यात ब्रशने रंग भरू नये, कारण तेल खाली तसेच असते. रंग कडक होऊ द्यावा, खळग्याच्या तळापर्यंत घासून सपाट करावे, वरीलप्रमाणे पुसावे आणि मग आधी धुक्यासारखा कोरडसर हलका हात देऊन पाच-दहा मिनिटांनी पूर्ण हात द्यावा. त्यापूर्वी कॉम्प्रेसरच्या टाकीखालची तोटी उघडून साचलेले पाणी सोडून द्यावे. नुसती हवा एका स्वच्छ काचेवर मारून पाहावी. काचेवर तेलाचे किंवा पाण्याचे शिंतोडे आले तर त्या कॉम्प्रेसरने रंग मारू नये.

सुरकुत्या

इनॅमलचा जाड थर एकदम दिला की वरची साय आधी धरते, आतला ओला रंग नंतर आकसतो व साय गोळा होते. अर्धवट कडक झालेल्या इनॅमलवर दुसरा हात दिला, किंवा इनॅमलवर एन. सी. रंग मारला, तर वरचे थिनर खालच्या थरात शिरून तो थर उचलतो. म्हणून दुसरा हात एक तर डब्यावर लिहिलेल्या सुरुवातीच्या मुदतीत द्यावा, नाही तर पहिला पूर्ण कडक झाल्यावर द्यावा. मधल्या काळात मोह टाळावा. इनॅमलवर एन. सी. रंग कधीही देऊ नये.

सुरकुतलेला रंग घासून सपाट होत नाही. तो पत्र्यापर्यंत किंवा पक्क्या अस्तरापर्यंत खरवडून काढावा, कडा उतरत्या कराव्यात, अस्तर द्यावे आणि नव्याने दोन पातळ हात द्यावेत.

खताचे फोड

हा दोष खास शेतकऱ्याच्या वाहनांचा आहे आणि रंगाच्या दुकानदाराला तो सहसा सुचत नाही. खते वाहणारी ट्रॉली, खत-बियाणे पेरणी यंत्र व फवारणी यंत्राची चौकट यांवर रंगानंतर काही आठवड्यांत वाटाण्याएवढे फोड येतात. फोडल्यास आत पाणी निघते. दोष रंगाचा नसतो. पत्र्याच्या सांध्यांत व गंजाच्या छिद्रांत खताचे क्षार राहिलेले असतात. रंगाचा थर पूर्णपणे जलरोधक नसतो. क्षार बाहेरचा ओलावा थरातून आत ओढून घेतात, पाणी साचते, फोड उठतो व आत गंज सुरू होतो. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराईड. यातील क्लोराईड लोखंडाला विशेष घातक.

बोर्डो मिश्रण वापरणाऱ्या द्राक्ष व संत्रा बागायतदारांनी आणखी एक लक्षात घ्यावे. मिश्रण आम्लधर्मी राहिले का हे पाहण्यासाठी आपण त्यात लोखंडी खिळा किंवा विळा बुडवितो आणि त्यावर तांब्याचा तांबूस थर चढतो. हीच क्रिया ट्रॅक्टरच्या उघड्या पडलेल्या पत्र्यावर मोरचुदाचे पाणी सांडल्यास होते, आणि तांबे बसलेल्या जागेभोवती लोखंड लवकर गंजते.

अशा भागावरील फोडांचा रंग पूर्ण खरवडावा. तारेच्या ब्रशने गंज काढावा. नंतर सांध्यांसह भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावे, वाळवावे, पुन्हा ब्रश मारावा व पुन्हा धुवावे. दोन-तीन वेळा असे केल्याखेरीज क्षार निघत नाहीत. खाऱ्या विहिरीचे पाणी असेल तर शेवटचे धुणे गोड्या पाण्याने करावे. उन्हात खडखडीत वाळवून त्याच दिवशी रेड ऑक्साईड अस्तर द्यावे. उघडा घासलेला पत्रा रात्रभर तसाच ठेवला तर सकाळी त्यावर गंजाची झाक आलेली असते.

पाण्याची टाकी किंवा ट्रॉलीचे छत जस्ताच्या पत्र्याचे असेल तर त्यावर थेट इनॅमल देऊ नये. जस्ताशी इनॅमलमधील तेलाचा संयोग होऊन साबणासारखा थर तयार होतो व वर्ष-दोन वर्षांत रंग पापुद्र्यांनी सुटतो. आधी अशा पत्र्यासाठीचे वॉश प्रायमर द्यावे. लांबीतील सुईच्या टोकाएवढी भोके फवाऱ्याने भरत नाहीत, तेथे पुन्हा पातळ लांबी ओढून घासावे. जीपला चमचमता मेटॅलिक रंग असेल तर रंगाच्या थराला मुळीच पॉलिश करू नये. घासकाम त्यावरील पारदर्शक थरापुरतेच ठेवावे. तो थर फुटला की तेवढा भाग वेगळा दिसू लागतो.

जिवाशी गाठ

हार्डनरच्या पी. यू. रंगात आयसोसायनेट नावाचे रसायन असते. त्याच्या फवाऱ्याने श्वासनलिका संवेदनशील होऊन दमा जडतो, आणि एकदा संवेदनशीलता आली की पुढे अत्यल्प प्रमाणही झटका येण्यास पुरते. तोंडाला बांधलेला रुमाल यापासून काहीच संरक्षण देत नाही. त्यासाठी बाहेरून शुद्ध हवा पुरविणारा मुखवटा लागतो. गावात तो मिळणे कठीण, म्हणून पी. यू. रंगाचे काम सोयी असलेल्या रंगशाळेतच करून घ्यावे. इनॅमल व एन. सी. रंगासाठीही रासायनिक वाफा शोषणारी कोळशाची कॅट्रिज असलेला मुखवटा वापरावा आणि काम मोकळ्या हवेत करावे.

थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरून दूरच्या चुलीपर्यंत जाऊ शकते. जवळपास चूल, बिडी, वेल्डिंग नसावे. इनॅमलने भरलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आतून तापून आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवावीत किंवा उघड्यावर पसरून वाळवावीत.

जुना रंग खरवडताना गोठ्याचा विचार अवश्य करावा. जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त नसावे असा नियम केंद्र सरकारने २०१६ साली केला व तो नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, पण तो घरगुती व सजावटीच्या रंगांपुरताच आहे. जनावरांना रंगाचे पापुद्रे चाटण्याची खोड असते आणि वासरे तर शिशाच्या विषबाधेला चटकन बळी पडतात. आंधळेपणा, दात खाणे, अडखळत चालणे, झटके ही तिची लक्षणे असून अशा वेळी तातडीने पशुवैद्यकास बोलवावे. यासाठी जुना रंग कोरडा घासू नये, पाण्याने ओला करून घासावा. खाली जुने ताडपत्रीचे कापड अंथरावे. गोळा झालेला गाळ उकिरड्यावर, गव्हाणीजवळ किंवा ओढ्यात टाकू नये, बंद डब्यात ठेवावा. लहान मुलांना या कामाजवळ फिरकू देऊ नये.

दुरुस्तीनंतर

दुरुस्त केलेला तुकडा शेजारच्या रंगाशी जुळत नाही अशी तक्रार नेहमी येते. लाल व निळा रंग उन्हाने फिका होतो, त्यामुळे त्याच डब्यातील रंगसुद्धा जुन्या भागावर वेगळा दिसतो. म्हणून मध्येच ठिगळ न लावता पत्र्याच्या सांध्यापर्यंत पूर्ण भाग रंगवावा. सायलेन्सरवर साधा रंग जळतो, त्यास उष्णतारोधक ॲल्युमिनियम रंग द्यावा. नव्या इनॅमलवर महिनाभर मेण-पॉलिश, डिझेल किंवा तीव्र धुण्याची पावडर लावू नये, साध्या पाण्याने धुवावे. पूजेचे हार चिकटपट्टीने न लावता दोऱ्याने बांधावेत. कोवळ्या रंगावरची पट्टी रंगासकट निघते.

वाहनाचा रंग बदललेला असल्यास परिवहन कार्यालयात त्याची नोंद करून घ्यावी. इंजिन व चासीच्या नंबरावर रंग चढला असेल तर तो थिनरने पुसून आकडे वाचता येतील असे करावेत. ट्रॉलीच्या मागील परावर्तक पट्ट्यांवर फवारा गेला असेल तर त्या घासून साफ करण्याच्या भानगडीत न पडता सरळ नव्या लावाव्यात. रात्री ऊस भरून रस्त्याकडेला उभी असलेली ट्रॉली मागून येणाऱ्याला दिसते ती या पट्ट्यांमुळेच, आणि गाळपाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी एवढे काम उरकलेले असावे.